यंत्रावर छत्री, मग तोंडावर काय?

(अंतिम वर्ष, स्थापत्य)

मंडळी, सर्व्हेइंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी आम्हाला एक गोष्ट पढवून ठेवली होती. लेव्हल असो वा थिओडोलाइट, उन्हात त्याच्यावर छत्री धरायची. एका बाजूने ऊन लागलं की यंत्राचे भाग कमीजास्त तापतात, बुडबुडा सरकतो आणि रीडिंग चुकतं. आम्ही ते इतकं मनावर घेतलं की टी.ई.च्या सर्व्हे कॅम्पला भंडारदऱ्याला गेलो तेव्हा दहा दिवस यंत्राला उन्हाचा एक कवडसाही लागू दिला नाही.

छत्रीखाली यंत्र होतं. छत्री धरणारा अर्धा बाहेर. आणि पार लांब, उघड्या माळावर स्टाफ घेऊन उभा असलेला प्राणी म्हणजे अस्मादिक! ग्रुपमध्ये उंच आहेस म्हणून स्टाफ तुझ्याकडे, असा सर्वानुमते ठराव झाला होता.

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, धरणावरून येणारा गार वारा. ऊन आहे असं वाटायचंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंड धुवायला गेलो आणि पाण्याचा हात लागताच ओरडलो. नाक, गालाची हाडं आणि कानाच्या पाळ्या लालबुंद. माझी कातडी लहानपणापासूनच नाजूक. साधी पावडर लावली तरी अंगावर उठतं. पण ‘सनस्क्रीन वगैरे पोरींची कामं’ असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पुढे जे झालं ते लेखाच्या शेवटी सांगणार आहे, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. त्वचारोगतज्ज्ञ मॅडमना प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि लायब्ररीत बसून वाचलं. यंदाची टी.ई. बॅच आता कॅम्पला निघेल. त्यांच्यासाठी, आणि हॉस्टेलवरच्या सगळ्यांसाठी, हा खटाटोप.

गार वाऱ्यात चेहरा भाजतो कसा?

आपल्याला जे ‘ऊन’ जाणवतं ते मुख्यतः दृश्य आणि अवरक्त किरणांमुळे. कातडी भाजते ती अतिनील किरणांनी, आणि ते जाणवत नाहीत. वारा गार असला म्हणून अतिनील किरण कमी होत नाहीत. उलट गार वाटतं म्हणून आपण जास्त वेळ उघड्यावर राहतो आणि फसतो.

अतिनील किरणांचे तीन गट करतात. २८० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचे यूव्हीसी, ते ओझोनचा थर अडवतो. २८० ते ३१५ पर्यंतचे यूव्हीबी, हेच कातडी भाजवतात. ३१५ ते ४०० पर्यंतचे यूव्हीए. ते चटकन भाजत नाहीत, पण खोलवर जातात, काळे डाग आणि सुरकुत्या आणतात. खिडकीची साधी काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र बरेचसे आत सोडते. एस.टी.त खिडकीची सीट पकडून पाच तास गावी जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. (वर्कशॉपमधल्या वेल्डिंगच्या ठिणगीतून यूव्हीसीसुद्धा निघतात. तिथे ढालच लागते, तिथे क्रीमचं काम नाही.)

किती ऊन धोक्याचं, हे कळायला यूव्ही इंडेक्स नावाचा आकडा असतो. मोबाईलवर हवामान बघता त्यातच तो दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ३ पासून काळजी घ्यायला सुरुवात करावी, ८ च्या पुढे विशेष घ्यावी. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तो ११ च्याही वर जातो. मोबाईल नसेल तर सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की ऊन कडक. भंडारदऱ्याला फेब्रुवारीअखेर भर दुपारी माझी सावली माझ्या उंचीच्या जवळपास निम्मी होती. रेंजिंग रॉडच्या सावल्या मोजणाऱ्या आम्हा शहाण्यांना हे सुचू नये?

आणखी एक गंमत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण राहतो ७४ अंशांच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबारा उलटल्यावर. फेब्रुवारीत तर पाऊणच्या सुमारास. म्हणून ‘बारा वाजून गेले, आता उतरतं ऊन’ हा हिशोब चुकीचा. साडेदहा ते तीन हा वेळ सांभाळायचा.

आधी फडकं, मग ट्यूब

ज्याची कातडी नाजूक त्याच्यासाठी सगळ्यात बिनबोभाट उपाय म्हणजे ज्यात केमिकल नाही तो. माझा रूममेट नागपूरचा. कॅम्पला पहिल्या दिवशी त्याने डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळला, तेव्हा आम्ही त्याला डाकू म्हणून चिडवलं. संध्याकाळी माझा चेहरा बघून तो एवढंच म्हणाला, “काहून बे, आता कोन डाकू?”

मात्र कुठलंही फडकं चालत नाही. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचं संरक्षण साधारण ७ एसपीएफ इतकंच भरतं, आणि घामाने भिजला की आणखी कमी होतं. फडकं ट्यूबलाईटसमोर धरून बघा. उजेड आरपार दिसला तर किरणही आरपार. घट्ट विणीचं, जरा गडद रंगाचं सुती कापड घ्यावं. नाजूक कातडीवाल्यांनी ते रोज धुवावं आणि साबण पुरता निघेपर्यंत खंगाळावं. राहिलेली साबणपूड आणि धूळ घामात भिजून गालावर घासत राहिली की वेगळंच पुरळ उठतं. हा माझा अनुभव.

क्रिकेटची टोपी कपाळ आणि नाक झाकते, कान आणि मान मोकळी सोडते. चहूबाजूंनी तीन इंच काठ असलेली हॅट बरी. माळीकाका डोक्याला उपरणं बांधून त्याचा शेव मानेवर सोडतात, ते याहून स्वस्त आणि तितकंच चांगलं. छत्री असेल तर काळी.

ट्यूबमध्ये असतं तरी काय?

फडक्याने सगळा चेहरा झाकत नाही. यंत्रातून बघणाऱ्याला, दोन तास फील्डवर खेळणाऱ्याला ट्यूब लागतेच. सनस्क्रीनमधले गाळणारे पदार्थ दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार खनिज: झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायऑक्साईड. हे ‘आरशासारखे किरण परतवतात’ असं सर्रास लिहिलेलं असतं. खरं तर ते अतिनील किरण बहुतांशी शोषतात. एफ.ई.चं फिजिक्स आठवा! दोन्ही अर्धवाहक आहेत. झिंक ऑक्साईडचा बँड गॅप सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १२४० भागिले ३.३ करा, उत्तर येतं सुमारे ३७५ नॅनोमीटर. म्हणजे यापेक्षा कमी लांबीचा किरण आला की तो शोषला जातो. यूव्हीबी पूर्ण आणि यूव्हीएचा बराचसा पट्टा यात आला. परीक्षेत पाच मार्कांसाठी घोकलेलं सूत्र आपल्याच नाकावर काम करतं, हे बघून मला भलताच आनंद झाला.

हे पदार्थ कातडीला सहसा त्रास देत नाहीत. लहान बाळांना लंगोटाचं पुरळ उठतं, त्यावरच्या मलमात हेच झिंक ऑक्साईड असतं. तोटा एकच, आपल्या सावळ्या चेहऱ्यावर पांढरट राखाडी थर दिसतो. मी पहिल्यांदा लावून मेसमध्ये गेलो तर मावशी म्हणाल्या, “काय रे बाळा, पिठाच्या डब्यात पडलास का?” यावर उपाय म्हणजे रंग मिसळलेली, म्हणजे आयर्न ऑक्साईड घातलेली क्रीम. ती कातडीच्या रंगात मिसळते, आणि आयर्न ऑक्साईड दृश्य प्रकाशही थोडा अडवतं. ज्यांना चेहऱ्यावर वांग किंवा डाग आहेत त्यांना त्याचा जास्त फायदा.

दुसरा प्रकार सेंद्रिय रसायनांचा: अॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन, ऑक्सिबेन्झोन वगैरे. हे पारदर्शक, हलके, लावायला सोपे. बहुतेकांना काही होत नाही. पण काहींना झोंबतात, आणि घामाबरोबर डोळ्यात उतरले की विचारू नका. कॅम्पच्या तिसऱ्या दिवशी एका मित्राची सुगंधी जेल मी भाजलेल्या तोंडावर चोपडली. दहा मिनिटांत गालाची आग आग, डोळ्यातून पाण्याच्या धारा. स्टाफ हातात डुलतोय आणि तिकडून सर ओरडतायत, “स्टाफ सरळ धर!”

कधी कधी दोष गाळणाऱ्या पदार्थाचा नसतोच. सुगंध, टिकवण्यासाठी घातलेली रसायनं, जेलमधलं अल्कोहोल यांनीही त्रास होतो. म्हणून ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ लिहिलेलं असेल तर नाजूक कातडीवाल्यांनी ती ठेवून द्यावी. ‘अल्कोहोल डिनॅट’ यादीत वरच्या बाजूला असेल तरी तेच. मात्र ‘सेटाईल अल्कोहोल’ हे नाव बघून घाबरू नका, ते मऊपणासाठी घातलेलं मेणासारखं द्रव्य आहे. आणि ‘सेन्सिटिव्ह स्किनसाठी’ ही पुढची मोठी अक्षरं म्हणजे जाहिरात. मागची यादी हाच खरा पुरावा.

जाता जाता: कॅलामाईन लोशनमध्ये झिंक ऑक्साईड असतं म्हणून ते सनस्क्रीन होत नाही. ते खाजेसाठी.

आकड्यांचा खेळ

एसपीएफ हा आकडा यूव्हीबीचा. ३० असेल तर भाजवणाऱ्या किरणांपैकी सुमारे एक तिसांश आत येतात, म्हणजे ९७ टक्के अडले. ५० असेल तर ९८ टक्के. यूव्हीएसाठी ‘पीए’ आणि पुढे अधिक-चिन्हं असतात, जितकी चिन्हं जास्त तितकं चांगलं. तीन तरी असावीत. किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं असावं.

पण हे सगळे आकडे मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. चेहरा आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरा. म्हणजे एका वेळी १.२ ग्रॅम. मोजायला सोपा मार्ग: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. आपण लावतो त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. मग ट्यूबवरचा ५० हा आकडा तोंडावर ५० राहत नाही.

आता बजेट. दिवसातून दोनदा लावली तर २.४ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब वीस दिवस चालेल. उघड्यावर असलात तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर, पुन्हा लावायची असते, तेव्हा कॅम्पला एकट्याची एक ट्यूब संपेलच. ग्रुपमध्ये सहा जणांत एक ट्यूब नेणं म्हणजे सहा जणांत एक डास अगरबत्ती नेण्यासारखं. खिशाला जड वाटत असेल तर फडक्याने जेवढा चेहरा झाकता येईल तेवढा झाका आणि उरलेल्याच भागाला क्रीम लावा. दुकानातल्या सगळ्यात महागड्या ट्यूबची गरज नाही. जी तुमच्या तोंडावर चिकचिक, आग न होता दिवसभर राहते आणि जी तुम्ही कंजूषी न करता लावाल, ती तुमच्यासाठी चांगली. ३० ची भरपूर लावलेली, ही ५० च्या नावापुरत्या बोटापेक्षा बरी.

आपल्याला चालते की नाही, कसं ओळखायचं?

इथे आपली इंजिनीअरिंगची सवय उपयोगी पडते. एका वेळी एकच गोष्ट बदला. नवा फेसवॉश, नवी क्रीम आणि नवा साबण एकदम आणलात तर दोष कोणाचा ते कधीच कळणार नाही.

नवी ट्यूब आणली की कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. काही उठलं नाही तर दोन-तीन दिवस जबड्याखाली कानाजवळ लावा. मगच पूर्ण चेहऱ्यावर. म्हणूनच ट्यूब कॅम्पच्या आदल्या रात्री घेऊ नका. पंधरा दिवस आधी घ्या.

त्रास झालाच तर तो केव्हा झाला ते बघा. लावल्या लावल्या झोंबलं आणि धुतल्यावर थांबलं, तर ती बहुधा नुसती चुरचुर. एक-दोन दिवसांनी खाज सुटली, पुरळ आलं, तर अॅलर्जी असू शकते. आणि सावलीत काही नाही पण उन्हात गेल्यावरच त्या जागी उठलं, तर ऊन आणि क्रीम मिळून होणारी अॅलर्जी असू शकते. शेवटच्या दोन्हींत ती ट्यूब बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा, जाताना ट्यूब सोबत न्या.

पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घेणारे हॉस्टेलवर बरेच आहेत. त्या गोळीने कातडी उन्हाला जास्त हळवी होते. आयसोट्रेटिनॉईन, अॅडापॅलिन, बेन्झॉईल पेरॉक्साईड यांनी ती कोरडी आणि चुरचुरी होते. यातलं काही चालू असेल तर कॅम्पला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि लिंबू चोळून उन्हात बसण्याचा ‘घरगुती’ उपाय तर अजिबात नको. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती ऊन लागल्यावर कातडी भाजतात आणि महिनोन्‌महिने जाणार नाहीत असे काळे डाग ठेवतात.

ती दुसरी ट्यूब

आता राहिलेली गोष्ट. त्या जेलच्या रात्री तोंड एवढं सुजलं की आम्ही दोघं जण जवळच्या गावातल्या एका मेडिकलवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने न विचारता एक छोटी ट्यूब काढून दिली. “लावा, दोन दिवसांत बघा.” आणि खरंच! दोन दिवसांत लाली गेली. आठवड्यात चेहरा उजळल्यासारखा दिसायला लागला. हॉस्टेलवर पोरं विचारायला लागली, “काय लावतोस रे?” मी ऐटीत नाव सांगत सुटलो. तीन महिने मी ती रोज लावली. ती सनस्क्रीन नव्हती, पण मला वाटलं, चेहरा बरा राहतोय ना, मग झालं.

जूनमध्ये गावी ट्यूब संपली. चौथ्या दिवशी चेहरा पेटला. दुसरा शब्द नाही. गाल लाल, बारीक पुवाचे फोड, आईने चुलीवर भाकरी टाकली तरी मी दोन हात लांब बसायचो. वडील दिवसभर शेतात उन्हात असतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून मला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले.

डॉक्टर मॅडमनी पहिलं वाक्य बोललं, “ट्यूब दाखव.” रिकामी ट्यूब खिशात होती. त्यात क्लोबेटासोल होतं, एक जोरदार स्टेरॉईड. स्टेरॉईड सूज दाबतं म्हणून आधी बरं वाटतं. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, फोड येतात, ऊन सोसत नाही, आणि सोडलं की दुप्पट उसळतं. बीटामेथासोन, मोमेटासोन ही त्याचीच भावंडं. गोरं करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत यांच्याबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉईनही असतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉईड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. मला मिळाली ती चिठ्ठीशिवायच.

बरं व्हायला पाच महिने लागले. मधल्या काळात कॅम्पस इंटरव्ह्यू आले. आत गेल्यावर पॅनेलवरच्या बाईंचा पहिला प्रश्न होता, “बरं वाटत नाहीये का? पाणी हवंय?” पुढच्या प्रश्नांची उत्तरं मला येत होती. पण मी सगळा वेळ मान खाली घालून बोललो. ती नोकरी मिळाली नाही. नंतर दुसरी मिळाली, असो. मात्र मला जास्त बोचतं ते वेगळंच. मी ऐटीत ज्यांना ट्यूबचं नाव सांगितलं त्यातल्या दोघांनी ती आणली होती. सुट्टीवरून आल्याबरोबर मी त्यांच्या खोल्यांवर जाऊन सांगितलं. एकाने नुकतीच सुरू केली होती. दुसऱ्याला मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

तेव्हा अशी ट्यूब कोणी लावत असेल तर लाजू नका. एकदम सोडूही नका, डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तशी सोडा. माझ्या खोलीचं दार उघडंच असतं.

कॅम्पला जाताना

माझ्या ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, टेप, पेग, फील्डबुक यांच्या यादीत एवढं वाढवा: घट्ट विणीची दोन फडकी, काठाची हॅट, पंधरा दिवस आधी तपासलेली बिनवासाची सनस्क्रीन, साधं मॉइश्चरायझर. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा. कान, मानेची मागची बाजू आणि नाकाचा शेंडा विसरू नका. घाम चोळून पुसू नका, टिपा. रात्री साध्या सौम्य फेसवॉशने धुवा, कपडे घासल्यासारखं घासू नका. भाजलंच, तर गार पाण्याची घडी, मॉइश्चरायझर आणि सावली. फोड आले, ताप आला, तर सरळ डॉक्टर.

आणि स्टाफ धरणारा दर तासाला बदला. लेव्हलच्या बुडबुड्याइतकी काळजी त्या बिचाऱ्याचीही घ्या. तोही तुमच्याच ग्रुपचा आहे!